पलीकडे कोरिया, अलीकडे कारखानीस

आमच्या गावात मराठी माणसं चारच. मी, माझा नवरा संदीप, त्याचे साहेब कारखानीस आणि साहेबांच्या मिसेस सुलभाताई. जपानच्या टोकाच्या एका बेटावर, दोन डोंगरांच्या बेचक्यात हे गाव वसलंय. मधून एक अरुंद नदी वाहते आणि बंदरात जाऊन संपते. इथल्या खाड्यांत मोती पिकतात, म्हणून मुंबईच्या एका मोत्यांच्या कंपनीने इथे ऑफिस टाकलं आणि आम्हाला आणून सोडलं. टोकियोत निशी-कसाईला इतकी मराठी मंडळी आहेत, की नको तो माणूस टाळता येतो. चौघांत कुणाला टाळणार? त्यामुळे किस्से साचत जातात. बरेचसे एकाच माणसाच्या नावावर साचतात, त्याला आमचा इलाज नाही.

*

पहिल्याच रविवारी आम्ही चौघं बेटाच्या उत्तर टोकाला गेलो. हवा स्वच्छ असली की तिथून कोरियाचा किनारा दिसतो. सगळे बघत असताना साहेबांचा फोन वाजला. मेसेज होता, ‘कोरियात आपलं स्वागत आहे.’ पलीकडचं नेटवर्क इथवर पोचतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांना नव्हतं.

“संदीप, आपण हद्द ओलांडली का?”

“सर, मध्ये समुद्र आहे.”

“ते मला दिसतंय. रेकॉर्डवर काय जाणार?”

त्यांनी आम्हा सगळ्यांना दहा पावलं मागे घेतलं. सोमवारी हेड ऑफिसला ईमेल केला, की रविवारी मी जपान सोडलेला नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘परदेश दौऱ्याची पूर्वपरवानगी का घेतली नाही, याचा लेखी खुलासा करावा.’

*

गावात जागोजागी खांबांवर लाउडस्पीकर आहेत. रोज संध्याकाळी पाच वाजता त्यावर एक धून वाजते आणि मग एक बाई काहीतरी सांगते. पोरांनो, घरी जा, एवढंच.

पहिल्यांदा ती धून ऐकली तेव्हा साहेब ऑफिसात होते. त्यांनी पासपोर्ट आणि लॅपटॉप उचलला आणि देवळाच्या पायऱ्या चढत थेट डोंगर गाठला. त्सुनामी आली, असं त्यांना वाटलं होतं. ऑफिसातल्या कुणाला सांगायला मात्र ते विसरले.

वर पाच-सहा म्हातारे लाकडी हातोड्यांनी चेंडू टोलवत खेळत होते. त्यांनी साहेबांना घामाघूम बघितलं, पाणी दिलं आणि एक हातोडा हातात दिला. साहेब दीड तास खेळले.

दुसऱ्या दिवशी आम्हाला म्हणाले, “सेफ्टी ऑडिटसाठी गेलो होतो.”

*

मी नदीकाठच्या एका भेटवस्तूंच्या दुकानात पार्टटाइम काम करते. मालकीण यामादा-सान, वय पंचाहत्तर. दुकान चालतं ते बोटीने येणाऱ्या कोरियन टुरिस्टांवर. यामादा-सानना ते आवडत नाहीत.

“फार मोठ्याने बोलतात हे परदेशी,” त्या मला रोज सांगायच्या.

एकदा मी म्हटलं, “यामादा-सान, मीही परदेशीच आहे.”

“छे. तू कचरा नीट वेगळा करतेस.”

मग एका वर्षी बोटी बंद झाल्या. नदीकाठ ओस पडला. यामादा-सान रोज दुपारी धक्क्यावर जाऊन समुद्राकडे बघत बसायला लागल्या. मी विचारलं, “कुणाची वाट बघताय?”

“कुणाची नाही. शांततेचा आनंद घेतेय.”

महिन्याभराने त्यांनी दुकानाच्या दारावर कोरियन भाषेत नवीन पाटी लावली. ‘सुस्वागतम.’

*

आल्या आल्या सुलभाताईंना जपानी भाषेचा क्लास लावायचा होता. साहेब म्हणाले, “तुला कशाला? घरातच तर असतेस. बोलायला मी आहे ना.”

सुलभाताई वाद घालत नाहीत. त्या घरात बसून फोनवर कोरियन मालिका बघायला लागल्या. दोन वर्षं बघत होत्या, आणि शेजारी वही घेऊन बसायच्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

बोटी पुन्हा सुरू झाल्यावरची गोष्ट. साहेब, सुलभाताई आणि मी भाजी घेऊन येत होतो, तेवढ्यात पुलापाशी एक कोरियन आजोबा कोसळले. डॉक्टर धावत आले, पण त्यांना कोरियन येईना. सुलभाताई भाजीची पिशवी बाजूला ठेवून आजोबांशी बोलायला लागल्या. मग साहेबांकडे वळून मराठीत म्हणाल्या, “छातीत दुखतंय, असं डॉक्टरांना सांगा.”

साहेबांनी एक वाक्य जुळवलं आणि जपानीत सांगितलं. डॉक्टरांनी तत्परतेने स्टेथोस्कोप साहेबांच्याच छातीला लावला.

पुढचं भाषांतर मी केलं. आजोबा वाचले. पुढच्याच आठवड्यात बोटीच्या टर्मिनलवरून सुलभाताईंना नोकरीसाठी बोलावणं आलं. साहेब म्हणाले, “टाइमपास म्हणून ठीक आहे.” त्यानंतर सुलभाताईंनी जपानी क्लासही लावला. विचारलं मात्र कुणाला नाही.

*

गेल्या वसंतात साहेबांची मुंबईला बदली झाली. कंपनीने दोन तिकिटं काढली. साहेबांनी घर आवरायला घेतलं, भांडी यामादा-सानना दिली आणि सगळ्यांना सांगितलं, “सुलभाला आता बरं वाटेल. आपल्या माणसांत जाईल.”

निघायच्या दिवशी सुलभाताई सकाळीच ड्यूटीवर गेल्या होत्या. बोटीची वेळ झाली. आम्ही दोघं साहेबांच्या बॅगा आत ठेवायला चढलो. बॅगा तीन होत्या, तिन्ही साहेबांच्या. साहेब खिडकीशी बसले आणि घड्याळ बघत म्हणाले, “हिचा आजही उशीरच.”

तेवढ्यात धक्क्यावरच्या माइकवरून ओळखीचा आवाज आला. आधी जपानीत, मग कोरियनमध्ये, आणि मग सावकाश, स्पष्ट मराठीत.

“निरोप द्यायला आलेल्यांनी कृपया बोटीतून उतरावं.”

संदीपने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं खाली उतरलो. साहेब शेजारच्या सीटवर रुमाल टाकून बसले होते.