साडूंनी काढलेली मोटारीची थरथर

हलणारी, खडखडणारी किंवा कुरकुरणारी प्रत्येक वस्तू आपल्यालाच डिवचण्यासाठी तसं करते, अशी आमच्या साडूंची पक्की खात्री होती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बारामतीत पेठेच्या टोकाला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. उसाचे चरक, पाण्याची इंजिनं, लोकांनी टाकून दिलेलं काहीबाही ते तिथं दुरुस्त करत. कुणी बोलावलं नसलं तरी करत. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा आमचं दार किंचित कुरकुरलं. साडूंनी ते बिजागरीतून काढून अंगणात आडवं घातलं आणि त्यावर मांडी ठोकून बसले. पाहुणे चपला हातात घेऊन उन्हात उभे. मी दात ओठ खात म्हणालो, "अहो, मान्सं खोळंबल्यात!" मान वर न करता ते म्हणाले, "मान्सं उद्या बी येतील. दार आज कुरकुरतंय." एका लग्नात तर त्यांनी वरात थांबवून हलगीवाल्याला हलगी शेकायला लावली होती. नवरा घोड्यावर ताटकळला, हलगी मात्र सुधारली. असल्या माणसाशी नातं आणि तेही बायकोकडून, म्हणजे बोलायची सोय नाही.

तरी माझी वेळ आली तेव्हा मी त्यांच्याच दारात गेलो. बारा वर्षं बैलगाडी हाकून, एकेक जोडी वाढवून आणि शेवटी सगळ्या विकून मी मोटार घेतली होती. बारामती ते इंदापूर, सकाळी जायची, दुपारी यायची. कुणाच्या बापानं दिलेली नव्हती. ती मोटार ब्रेक दाबला की हिवताप आल्यासारखी थरथरू लागली. सुकाणू हातात नाचायचं, काचा वाजायच्या, लोकांच्या मांडीवरचे डबे उघडायचे. एका म्हातारीचं तूप सांडलं. त्यानंतर ती आणि तिचं सगळं गाव दुसऱ्याच्या मोटारीत बसू लागलं. त्यात पुण्याहून तपासणीचे साहेब आठ दिवसांत यायचे होते. ब्रेक नीट नसेल तर परवाना रद्द. मग मी काय, पुन्हा बैल शोधायचे?

घासाघीस केल्याशिवाय मला चैन पडत नाही. "दोन दिवसांत करा," मी म्हणालो.

"बघू."

"बरं, तीन. चौथा दिवस मी मान्य करणार न्हाय."

"पाव्हणं," साडू म्हणाले, "ती थरथर तुमच्या सवडीनं आली का? मग जाईल बी तिच्या सवडीनं."

स्टँडवरच्या प्रत्येकानं निदान सांगितलंच होतं. कुणी रस्त्याला दोष दिला, कुणी टायरला, कुणी माझ्या हाताला. साडूंनी कुणाचं ऐकलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी चाकांचे नट आवळले, दुसऱ्या दिवशी स्प्रिंगांचे पाटे तपासले, तिसऱ्या दिवशी पुढचा आस. काढलेला प्रत्येक तुकडा ते पांढऱ्या धोतरावर ओळीनं मांडत आणि त्या धोतराजवळून कोंबडी गेली तरी खेकसत. एकेक दुरुस्ती झाली की मला इंदापूर रस्त्याला पिटाळत. स्वतः पायरीवर उभे राहून मडगार्डला कान लावत आणि ओरडत, "दाबा!" मी दाबायचो. मोटार थरथरायची. "पुन्यांदा!" चौथ्या दिवशी मी भडकलो. ते तेवढ्याच शांतपणे म्हणाले, "ह्ये न्हाय, त्ये न्हाय, एवढं तर कळलं. सरका, मला बसू द्या."

अनवाणी पाय ब्रेकवर ठेवून त्यांनी मोटार चालवली. परत येऊन थांबले आणि डोळे मिटून म्हणाले, "चाकाच्या दर फेऱ्याला पायाला एक ठोका लागतुया." लगेच जॅक लावून त्यांनी पुढचं चाक उचललं, मला ब्रेक हलकासा दाबून धरायला सांगितलं आणि चाक हातानं फिरवलं. ते सरसर फिरे आणि दर वेळी एकाच जागी अडे. चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा लोखंडी ड्रम गोल राहिलाच नव्हता. दुसऱ्या चाकाचंही तेच.

साडू माझ्याकडं वळले. "मुक्कामाला पोचल्यावर चाकांचं काय करता?"

"काय करनार? कालव्याचं पानी मारतो."

"लगीच?"

"मग? तापल्याली आसत्यात, दमल्याली आसत्यात."

त्यांनी चाकावर हात ठेवला. "बैलाचं पाय गार केलं की बैलाला बरं वाटतं, पाव्हणं. तापल्या लोखंडावर पानी वतलं की ते वाकडं हुतं."

मी नाही नाही ते बोललो. त्यांनी त्यातलं काही ऐकलं असावं असं वाटत नाही, कारण ते ड्रम काढत होते. ते दोन्ही ड्रम त्यांनी साखर कारखान्याच्या लेथवर गोल करून आणले. जाता-येता गाडीत खाली ठेवले नाहीत, धक्का बसेल म्हणून मांडीवर धरले. मग ब्रेकच्या पट्ट्यांना गेरू लावून, त्यावर ड्रम फिरवून, जिथं रंग पुसला जाई तिथं कानशीनं खरवडत ते दोन दिवस बसून होते.

तपासणीला साहेबांनी उतारावर ब्रेक दाबला. मोटार सरळ आणि गप उभी राहिली. साहेब खाली उतरले. "ड्रम नव्यानं घासलेत. काय झालं होतं?"

मी रस्त्याचं नाव घेणार, तेवढ्यात साडू म्हणाले, "मालक मोटारीचं पाय धूत हुता, साहेब. बैलवाला मानूस हाय."

साहेब हसले. सगळं स्टँड हसलं. परवाना मिळाला आणि पुढं वर्षभर मला जो तो विचारी, "काय शेठ, पाय धुतलं का?" मी साडूंशी बोलणं टाकलं. चार वर्षं. त्यांना सुनवायचं एक वाक्य मनात घोळवून घोळवून मी चांगलं धारदार केलं होतं.

मग त्यांना छातीचं दुखणं लागलं. डॉक्टर म्हणाले, पुण्याला न्या. मोटार माझीच होती. साडू मागच्या बाकावर घोंगडीवर पडून होते, उशाशी मेव्हणी. दिवेघाट उतरताना समोर मेंढरं आली आणि मी ब्रेक दाबला. मागून बारीक आवाज आला, "बरी थांबली."

त्या माणसाच्या तोंडून कुठल्याही वस्तूला चांगलं म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं. ते धारदार वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी म्हणालो, "तुमीच केल्याली हाय."

मेंढरं गेली. मी मोटार हळू सोडली आणि पुण्यापर्यंत अशी नेली की घोंगडीची घडीसुद्धा हलू नये.