इंदुमती रहाळकरांचं मुंग्यांशी वैर

भोपाळला पिपलानीच्या कारखाना-वसाहतीत इंदुमती रहाळकर सकाळी अंगणात उतरायच्या तेव्हा आधी त्यांचा आवाज यायचा आणि मग त्या यायच्या.

"आलात का मेल्यांनो? आज कुणाकुणाला मूठमाती द्यायची?"

शेजारपाजारच्यांना वाटे, कामवालीवर ओरडतायत. कामवाली नव्हतीच. हे सगळं मुंग्यांना उद्देशून असे. एका हातात उकळत्या पाण्याची किटली, दुसऱ्या हातात जुना खराटा, पदर खोचलेला, आणि चेहरा असा की समोरच्या क्वार्टरमधले लोक खिडकी ओढून घेत.

तो आवाज काही घरात घडलेला नव्हता. उज्जैनची ही मुलगी लग्न होऊन भोपाळला आली तेव्हा वसाहत नवीकोरी होती. क्वार्टरच्या भिंतींना ओल्या चुन्याचा वास होता, मेंदीची कुंपणं गुडघ्याएवढी होती, आणि कारखान्याच्या भोंग्यावर घरोघरची घड्याळं लावली जात. गणेशोत्सवात मराठी मंडळी नाटक बसवायची. त्यात खाष्ट सासू असली की ती इंदुमतीबाईंची, हे न बोलता ठरलेलं असे. मायक्रोफोन बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या सतरंजीवरची पोरं दचकून जागी व्हायची. आणि त्यांचे यजमान दत्तात्रय, कारखान्यातल्या ट्रान्सफॉर्मरच्या शॉपमध्ये तारा गुंडाळणारे शांत गृहस्थ, पडदा ओढायचे. इतक्या वर्षांत स्टेजवर एक पाऊल टाकलं नाही त्यांनी. पण दत्तूचा पडदा कधी अडकला नाही, कधी लवकर पडला नाही. बायकोच्या शेवटच्या वाक्याला टाळी कुठवर चालेल, हे त्यांच्या उजव्या हाताला बरोबर कळायचं.

चैत्रात तो उजवा हात गेला आणि उजवा पायही. न्हाणीघरात पडले ते उचलूनच बाहेर आणावे लागले. पुढे हात थोडा हलायला लागला, जीभ अडखळत का होईना बोलायला लागली. पाय मात्र लाकडासारखा राहिला. त्यात साखरेचा आजार जुना. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंदुमतीबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ह्या पायाला आता काही कळत नाही. काही टोचलं, भाजलं, तर त्यांना कळणार नाही, तुम्हालाच कळायला हवं. जखम चिघळली तर पाय काढायची वेळ येईल."

त्या दिवसापासून तो पाय इंदुमतीबाईंचा झाला. रोज दुपारी त्या तिळाचं तेल कोमट करून मांडीपासून बोटांपर्यंत चोळत. चोळता चोळता डॉक्टरांना, देवाला आणि कारखान्याला शिव्या देत. दत्तात्रय हसत.

आणि आश्विनात, एका सकाळी, दत्तात्रय उशाला टेकून निवांत चहा पीत असताना इंदुमतीबाईंनी चादर झटकायला उचलली. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत लाल मुंग्या गच्च बसल्या होत्या. घोट्यावर पांढऱ्या टोकाचे फोड उठले होते. दत्तात्रय बशीत चहा ओतत होते.

"काय गं?" त्यांनी विचारलं. "अशी का बघतेस?"

इंदुमतीबाईंच्या तोंडून, आयुष्यात पहिल्यांदा, आवाज फुटला नाही.

नंतर फुटला, तो मेंदीच्या कुंपणाकडे तोंड करून.

कुंपणापलीकडे राहायच्या शकुंतला घाटे. ग्वाल्हेरच्या. ठेंगण्या, गोऱ्या, मराठीत अर्धी हिंदी कालवून बोलणाऱ्या, आणि धर्मकर्माला पक्क्या. त्यांच्या मुलाला, श्यामला, साडेसाती होती. दर शनिवारी स्नान करून त्या कुंपणाजवळच्या पेरूखाली मुंग्यांच्या बिळांवर कणीक आणि साखर टाकत. त्यांचं माहेर-सासर सगळं असंच करत आलं होतं. काळ्या मुंग्यांचा गालिचा उलगडे, आणि शकुंतलाबाई हात जोडून उभ्या राहत, जणू समोर पंगत बसलीय.

"घाटेबाई!" त्या शनिवारी इंदुमतीबाई गरजल्या. "तुमचं पुण्य माझ्या नवऱ्याचा पाय खातंय!"

"काय म्हणता रहाळकरवहिनी? सकाळी सकाळी अशुभ?"

"आटा-साखर घालून मुंग्या पोसता, पोट तुमच्याकडे भरतं आणि चावायला आमच्याकडे येतात. बंद करा हे!"

"अहो, त्या बिचाऱ्या! त्या कुठं कुणाला काटतात? आणि माझ्या श्यामचा ग्रह शांत होतोय तर तुम्हाला काय तकलीफ?"

"तुमच्या श्यामनं अभ्यास केला असता तर शनीनं पण सुट्टी घेतली असती!"

शकुंतलाबाईंचा चेहरा उतरला. पण त्याही ग्वाल्हेरच्या होत्या. हातातली परात कमरेवर टेकवून म्हणाल्या, "साखरेच्या माणसाकडे मुंग्या यायच्याच, वहिनी. माझ्या आट्याला कशाला बदनाम करता?"

हे वाक्य इंदुमतीबाईंना लागलं ते खोलवर. त्या आत गेल्या आणि दार असं लावलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

मग युद्धच सुरू झालं. पलंगाच्या चारी पायांखाली पाण्याचे वाडगे आले. पाण्यावर रॉकेलचा थेंब आला. भिंतीच्या भेगांत हळद कोंबली गेली. मुंग्या आल्याच. चादरीचं टोक भिंतीला टेकलं होतं, त्यावरून आल्या. पलंग भिंतीपासून ओढला, तर मच्छरदाणीच्या दोरीवरून आल्या. इंदुमतीबाई सकाळ-दुपार-संध्याकाळ तो पाय तपासत, फोड पुसत, औषध लावत, आणि मनातल्या मनात शकुंतलाबाईंच्या परातीला आग लावत.

पुढच्या शनिवारी शकुंतलाबाई कणीक-साखर टाकून बरखेड्याच्या बाजाराला गेल्या. इंदुमतीबाई कुंपणातून पलीकडे गेल्या. साडीला मेंदीच्या काटक्या चिकटल्या, केस विस्कटले, पण हातातला मुंग्या मारायच्या गॅमेक्सिनचा डबा सुटला नाही. पेरूखालच्या सगळ्या बिळांवर त्यांनी पावडर उपडी केली. काळा गालिचा आधी पांढरा झाला, मग तडफडला, मग थांबला. त्या तिथं उभ्या राहून बघत राहिल्या. त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, फारच बरं वाटलं.

संध्याकाळी पलीकडून हंबरडा आला. शकुंतलाबाई पेरूखाली बसून रडत होत्या, खरंच रडत होत्या.

"माझ्या हातचं खाताना मारलंत हो! नैवेद्याच्या ताटात जहर कालवलंत! तुमच्या हाताला काय वाटलं नाही?"

"माझ्या हाताला कळतं!" इंदुमतीबाई ओरडल्या. "ज्या पायाला कळत नाही त्याचं बघते मी!"

आतून दत्तात्रय म्हणाले, "इंदू. बास."

त्या बास झाल्या नाहीत. पण काळ्या मुंग्या संपल्या होत्या. त्या रात्री इंदुमतीबाई निर्धास्त झोपल्या.

आठवडाही गेला नसेल, दत्तात्रयांच्या पोटरीवर फोडांची रांग उठली. पेरूखालची मोकळी झालेली जमीन लाल झाली होती. कुंपणाच्या बुडाशी, नळाच्या चौथऱ्याशी, ऊन पडेल तिथं भुसभुशीत मातीचे नवे ढीग दिसत होते. खराट्याची काडी टेकवली की लालभडक फौज काडीवरून हातावर. जिथं पूर्वी काळ्यांचं राज्य होतं तिथं आता ह्यांचं होतं. डॉक्टरांनी पोटरी बघितली आणि पुढच्या खेपेला मोठ्या डॉक्टरांना दाखवू, एवढंच म्हणाले. त्यांनी आवाज खाली आणला होता. इंदुमतीबाईंना खाली आणलेल्या आवाजाची चांगली ओळख होती. नाटकात शेवटच्या अंकात असाच आणतात.

त्या सरळ कुंपणाशी आल्या.

"पुन्हा टाकायला लागलात ना? चोरून?"

शकुंतलाबाई वाळत घातलेले कपडे काढत होत्या. वळून बघितलंही नाही. "टाकू कुणासाठी? ठेवलंत काय तुम्ही?"

"मग ह्या कुठून आल्या?"

"त्या माझ्या नाहीतच!" आता मात्र शकुंतलाबाई वळल्या, आणि त्यांचा आवाज इंदुमतीबाईंच्या तोडीचा लागला. "माझ्या काळ्या होत्या. ह्या लाल. माझ्या साखर खायच्या, ह्या साखरेला तोंड लावत नाहीत! माझ्या होत्या तोवर ह्यांना इकडे पाय ठेवू देत नव्हत्या. वर्षानुवर्षं मी त्यांच्या समोर बसले आहे, वहिनी, तुम्ही फक्त पावडर घेऊन आलात. चांगल्या मारल्या आणि राक्षस बोलावले!"

"साखर खात नाहीत म्हणे! मुंगी आणि साखर खात नाही?"

"बघा ना मग! डोळे आहेत ना?"

इंदुमतीबाईंनी बघायचं ठरवलं ते खरं काय हे कळावं म्हणून नाही. घाटेबाईंना तोंडावर पाडायला. नळाच्या चौथऱ्याशी त्यांनी दोन बश्या ठेवल्या. एकीत साखर, आणि दुसरीत? घरात जे समोर दिसलं ते. दुपारच्या तेलाची वाटी अजून ओट्यावर होती. त्यातलंच थोडं ओतलं. मग कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दोघी स्टुलं टाकून बसल्या, एकमेकींकडे न बघता.

लाल मुंग्या साखरेच्या बशीला वळसा घालून तेलावर गेल्या. एक, मग पाच-सहा, मग बशीची कड दिसेनाशी झाली. साखरेच्या बशीत कुणीच नव्हतं.

"बघितलंत?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

इंदुमतीबाईंनी मान खाली घातली. त्या बशीकडे बघत नव्हत्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, तळवे अजून तेलकट, नखांत तिळाच्या तेलाचा वास. ते तेल रोज त्या पायावर जिरत होतं, चादरीत मुरत होतं, गादीच्या शिवणीत उतरत होतं. सबंध वसाहतीत लाल मुंग्यांसाठी असं ताट कुणी मांडलं नव्हतं.

त्या उठल्या आणि आत गेल्या. गरम पाणी, साबण, जुनं धोतर. दत्तात्रयांचा पाय त्यांनी इतका स्वच्छ धुतला की ते म्हणाले, "अगं, कातडी ठेव."

"गप्प बसा."

"रडतेस?"

"साबण गेला डोळ्यात."

गादी उन्हात पडली, चादरी उकळल्या. तेल लावायचं, पण तासाभरात साबणानं पुसून काढायचं आणि मगच पलंगावर, हा नियम झाला. मच्छरदाणीची दोरी काढली, चादर कुठंच लोंबू द्यायची नाही असं ठरलं. राहिली अंगणातली फौज.

घरात कॅरमची बोरिक पावडर होती. दत्तात्रय क्लबात खेळायचे त्या दिवसांची. झुरळांसाठी करतात तशा इंदुमतीबाईंनी गोळ्या वळल्या, आणि रागाच्या भरात मूठभर पावडर घातली. मुंग्यांनी वास घेतला, निघून गेल्या. दोन-चार तिथंच मेल्या. इंदुमतीबाईंना तेही बरं वाटलं, पण ढीग तसेच राहिले.

"अहो, इतकं जहर?" कुंपणापलीकडून आवाज आला. शकुंतलाबाई बघत होत्या. "घरी घेऊन जाईल एवढं तरी जिवंत ठेवा तिला. बिळात पोचायला नको?"

"मारायचं कसं ते आता तुम्ही शिकवणार? पुण्यवान बाई?"

"मी मारायचं नाही सांगत. मी खायला घालायचं सांगते. तेवढंच येतं मला."

इंदुमतीबाईंनी दात आवळले. पण शेंगदाण्याचं कूट तेलात मऊ कालवलं, पावडर चिमटीनं घातली, आणि मांजरं-पोरं तोंड घालू नयेत म्हणून कौलाच्या तुकड्याखाली सरकवून ठेवलं. मग त्यांना त्यांच्या जन्मात न जमलेली गोष्ट करावी लागली. शत्रूला समोर बसून खाऊ द्यायचं आणि हात उचलायचा नाही. लाल मुंग्या कूट घेऊन रांगेनं घरी जात होत्या, आणि खराटा शेजारीच पडून होता. "खा," त्या दातओठ खाऊन म्हणत. "खा, भवान्यांनो. मुलाबाळांना न्या." रोज ताजं कालवून ठेवलं. दिवाळीच्या फराळाचे डबे भरले तेव्हा ढीग सुकले होते. उरलेल्या बिळांत किटली उपडी झाली.

फोड वाळले. मोठ्या डॉक्टरांनी पाय उलटासुलटा करून बघितला आणि ठीक आहे म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. इंदुमतीबाई रिक्षात बसेपर्यंत थांबल्या, आणि मग त्यांनी डॉक्टरांच्या सात पिढ्यांना तोंडभर आशीर्वाद दिले, त्याच आवाजात.

शकुंतलाबाईंशी सरळ बोलणं मात्र सुरू झालं नाही. पेरूखाली पुन्हा कुठून कुठून काळ्या मुंग्या यायला लागल्या होत्या. एका शनिवारी परात घेऊन त्या कुंपणाशी घुटमळत उभ्या राहिल्या.

"टाकू?" त्यांनी विचारलं. प्रश्न पेरूला विचारल्यासारखा होता.

"तुमचं अंगण," इंदुमतीबाई म्हणाल्या. "मला काय विचारता?"

त्याच दुपारी पाय पुसताना दत्तात्रयांच्या अंगठ्यावर एक मुंगी दिसली. इंदुमतीबाईंचा हात वर गेला. तसाच थांबला. चष्मा नाकावर ओढून त्या वाकल्या आणि बघत राहिल्या.

"काय आहे?" दत्तात्रयांनी मान उचलायचा प्रयत्न केला.

"काळी आहे."

"मग जाऊ दे."

मुंगी अंगठ्यावरून उतरली, टाचेशी घुटमळली, काही मिळालं नाही तशी पलंगाच्या कडेला आली. खाली पाण्याचा वाडगा होता. इंदुमतीबाईंनी झाडूची काडी तिच्यापुढे धरली, ती चढली तशी खिडकीबाहेर नेऊन झटकली.

"पुन्हा आलीस ना," त्या म्हणाल्या, आणि आवाज पार पेरूपर्यंत गेला, "तर बघ!"