वह्या आल्या त्या वर्षी

दिंडोरीच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून द्राक्षबागांतून आत गेलं की जे गाव लागतं तिथली अंगणवाडी छायाताई बोरस्ते तेवीस वर्षं चालवत आल्या आहेत. त्यांच्याकडे सकाळी पोरं चपला काढून गोल बसली की आधी हजेरी व्हायची नाही. आधी ताई विचारायच्या, "सांगा, वाटंवर काय पाहिलं?" मग एकेक जण सांगायचा. कुणाला मेलेला सरडा दिसलेला असायचा, कुणाच्या आजीचा रस्त्यात पाय घसरलेला असायचा, कुणाला काहीच दिसलेलं नसायचं आणि तो सरळ थाप मारायचा, वाघ दिसला म्हणायचा. नियम दोनच होते. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, आणि एखादा अडला तर तो सुटेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचंच, मग बाहेर खिचडी करपली तरी चालेल.

ही रीत ताईंना कुणी शिकवलेली नव्हती. पहिल्या वर्षी अंगणवाडीत ना खेळणी होती ना तक्ते, तेव्हा पोरांना गुंतवायचं कसं म्हणून त्यांनी ती काढली. पुढे एका प्रशिक्षणात पुण्याच्या बाईंनी पडद्यावर मोठमोठे शब्द दाखवत भाषेचा विकास म्हणजे काय ते सांगितलं, तेव्हा ताई शेजारणीच्या कानात म्हणाल्या होत्या की हे तर आपण खेळणी नव्हती म्हणून करत होतो.

दिवाळीनंतर पेठ तालुक्याकडच्या मजुरांच्या टोळ्या बागांवर येतात. छाटणीपासून माल निघेपर्यंत, चार-साडेचार महिने, माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहतात आणि पोरं बागेत तारांखाली खेळतात. अशा पोरांची नावं दुसऱ्या गावच्या यादीत असतात, मोबाइलमधल्या ॲपवर त्यांची नोंद करताना डोकं उठतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडे न पाहण्याची सोय काढलेली असते. छायाताई स्वतः शेडवर जाऊन पोरं घेऊन यायच्या. त्या वर्षी भिका आणि सावित्री भोये यांची हर्षाली अशीच आली. चार वर्षांची, केसांना तेल, नाकात तार, आणि डोळे सगळीकडे.

तीन दिवस ती नुसती बघत बसली. चौथ्या दिवशी पाळी आली तशी उभी राहिली आणि म्हणाली, "टॅक्टर चिखलात बसना." ट्रॅक्टर रुतला एवढं सांगून थांबली नाही. आधी ट्रॅक्टर घरघरला, मग बागवाला वरच्या पट्टीत ओरडला, मग मुकादम खालच्या पट्टीत "हो शेठ, हो शेठ" करायला लागला, आणि शेवटी तिचा बाप कण्हत कण्हत मागून ढकलायला लागला. चारही आवाज एकाच तोंडातून आले. मदतनीस कुसाबाई खिचडी ढवळत होत्या, त्यांच्या हातातला डाव पातेल्यात पडला आणि त्या पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या.

त्यानंतर वर्तुळात हर्षालीची पाळी कधी येते याची मोठी माणसंसुद्धा वाट बघू लागली. फवारणीचा ब्लोअर, शेडमागची कोंबडी, फोनवर बायकोशी भांडणारा मुकादम, सगळे यायचे. एकदा पर्यवेक्षिका शुभांगी मॅडम येऊन गेल्या. मॅडम नाशिकहून यायच्या, कायम उशिरा, आणि स्कूटी लावतानाच सांगायच्या की ॲक्च्युअली द्वारका चौकात अडकले होते. दुसऱ्या दिवशी हर्षालीने कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, शब्द कळत नसताना त्यांचा नुसता सूर लावला. त्या सुरात द्वारका होती, ट्रॅफिक होतं आणि ताईंच्या रजिस्टरवरची नाराजीही होती. ताईंनी घरी जाऊन ती गोष्ट नवऱ्याला सांगितली, आणि सांगताना त्यांना हर्षालीसारखं जमलं नाही.

पण त्याच हिवाळ्यात रस्त्यावर इंग्रजी नर्सरी सुरू झाली. पिवळी गाडी दारात यायला लागली. टाय बांधलेली तीन वर्षांची पोरं गाडीच्या खिडकीतून अंगणवाडीकडे बघत जायची. गावातल्या संतोषने आपली पोरगी वेदिका अंगणवाडीतून काढून तिकडे घातली. संतोष तसा भला माणूस, ताईंच्याच हाताखालून गेलेला. पिठाच्या गिरणीवर भेटला तेव्हा डोकं खाली घालून म्हणाला, "ताई, राग नका मानू. तुमच्याकडं पोरं हसतेत लय. पण पाव्हणा आला आन् म्हणला, पोरगी काय शिकली, तर त्याला काय दाखवायचं? हसणं दाखवायचं का?"

एकोणतीस पोरांची सोळा झाली. आणखी कमी झाली तर अंगणवाडी शेजारच्या गावाला जोडतील अशी कुजबुज सुरू झाली. मग ताई दिंडोरीला गेल्या आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या.

त्यांना कळत नव्हतं असं नाही. चार वर्षांच्या पोराच्या बोटांना पेन्सिल जड असते, आधी माती मळू द्यावी, मणी ओवू द्यावेत, कागद फाडू द्यावा, हे त्यांनी आयांना कितीदा सांगितलं होतं. सांगताना पोराचा पंजा आपल्या तळहातावर ठेवून, बघा, हाडं अजून पुरी भरली नाहीत, असं दाखवायच्या. आता त्यांनी त्याच पंजात पेन्सिल दिली आणि वरून आपला हात धरला. वर्तुळाला वेळ उरेना. सकाळी आल्या आल्या एक पान उभ्या रेघा, एक पान आडव्या, मग अ. वर्गात नवे आवाज आले. वही काढा. रेघेच्या बाहेर जायचं नाय. हात चालवा, तोंड बंद. हे आपणच बोलतोय याचं पहिल्या आठवड्यात ताईंना नवल वाटलं, दुसऱ्या आठवड्यात वाटेनासं झालं.

जानेवारीच्या शेवटी त्यांनी पालकांना बोलावलं. संतोषला खास निरोप होता. ओट्यावर सतरंजी घातली, वह्यांची चळत मधोमध ठेवली. पोरं आत होती. ताई बाहेर बोलत होत्या की आपल्याकडं आता लेखन रोज घेतो, आणि आतून त्यांचाच आवाज आला. "वही काढा. तोंड बंद. ए बाळ्या, रेघ कुठं चालली तुझी, पेठला?" पट्टी जमिनीवर आपटली. पुन्हा तोच आवाज, तोच घोगरा शेवट, शब्दांच्या मध्ये घेतलेला तोच श्वास. आतली पोरं खदखदली. ओट्यावरचे पालक आधी एकमेकांकडे बघत राहिले, मग संतोष हसला, आणि मग सगळेच हसले.

कुणी वाईट हसलं नव्हतं. पण छायाताईंचे कान तापले. त्या आत गेल्या. हर्षाली खुर्चीवर उभी होती, हातात पट्टी, आणि ताईंना पाहून ती खुशीत हसली, कारण आजवर तिने कुणाची नक्कल केली की ताईच सगळ्यांत आधी हसायच्या. ताईंनी तिला दंडाला धरून खाली उतरवलं, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि तिचंच बोट तिच्या ओठांवर ठेवलं. म्हणाल्या, मी सांगेपर्यंत काढायचं नाय.

आणि त्या विसरल्या.

पालक वह्या बघत होते. पाच जणांनी पोरं परत पाठवायचं कबूल केलं. संतोष म्हणाला, गाडीच्या पैशाचं तसंही जमत नाही, वेदिकाला आणतो. चहा झाला. खिचडी वाढताना एक ताटली उरली तेव्हा कुसाबाईंनी विचारलं, भोयांची कुठं हाय. ताई वळल्या. दीड तास झाला होता. पोर तशीच उभी होती. मांड्या ओल्या होत्या, पायाशी थारोळं होतं, आणि बोट ओठावरच होतं.

कुसाबाईंनी तिला धुतलं, दुसरी चड्डी घातली. ताईंनी जवळ घेतलं, गूळ दिला. हर्षालीने गूळ खाल्ला. रडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती वेळेवर यायची, वही काढायची आणि रेघा ओढायची. आठवडाभरातच तिचा अ वर्गात सगळ्यांत नेटका झाला. बोलत मात्र नव्हती. ताईंना आधी वाटलं, रुसली असेल, दोन दिवस रुसेल. आठवडा झाला तशा त्या संध्याकाळी शेडवर गेल्या. पत्र्याच्या पलीकडून त्यांना हर्षाली ऐकू आली. ती आईला बापाबद्दल काहीतरी सांगत होती, मना बाहास असं करतो, तसं करतो, आणि मध्येच बापाचा खोकला काढत होती. ताई हसल्या, पुढे झाल्या, आणि तिला दिसल्या. आवाज तिथेच थांबला. भिका म्हणाला की पोरगी आता सुधारली, गुमान बसते, वहीपण लय चांगली झाली, ताईंचे उपकार. ताई झालेली शिक्षा सांगून टाकायचं ठरवून आल्या होत्या. त्या चहा पिऊन परत आल्या.

मग त्यांनी वह्या पेटीत टाकल्या. परत आलेल्या पालकांची बोलणी खाण्यात ताईंचा एक आठवडा गेला. संतोष म्हणाला, ताई, तुम्ही एकदा ठरवा काय ते. ताई म्हणाल्या, ठरवलंय. गोल पुन्हा बसायला लागला. पोरं आधी दबकत बोलली, मग हळूहळू वाघ परत आला. हर्षालीची पाळी आली की ती समोर बघत राहायची. नियमाप्रमाणे सगळे थांबायचे. ताईंनी शुभांगी मॅडमची नक्कल करून पाहिली, कोंबडीची केली, शेवटी स्वतःची केली. पोरं हसून लोळली. हर्षालीने नीट ऐकून घेतलं, एखाद्या जाणकाराने ऐकावं तसं, आणि गप्प राहिली.

एकदा ताई वैतागून म्हणाल्या की आता आणखी किती थांबायचं. कुसाबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता बोलल्या, "ताई, तुम्ही दीड तासात गप केली तिला. बोलती व्हायला दीड वरीस लागलं तर तक्रार कुणाकडं करायची?"

दीड वर्ष नव्हतंच. मार्चच्या पहिल्या आठवड्यात माल निघाला, टोळीचा टेम्पो शेडपाशी लागला. दुसऱ्या गावी जाणाऱ्या पोराबरोबर तिकडच्या सेविकेसाठी एक कागद द्यायचा असतो. नाव, वजन, उंची, लसी, आणि खाली शेरा. शेऱ्यात ताई दर वर्षी सगळ्यांना एकच लिहायच्या: हुशार आहे. त्या दिवशी टेम्पोच्या फाळक्यावर कागद ठेवून त्यांनी चार ओळी लिहिल्या. सावित्रीला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, काय लिव्हलं ते वाचा ना ताई.

हर्षाली दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बोचक्यावर बसली होती. ताईंनी तिच्यासमोरच वाचलं: "ही मुलगी फार छान बोलते. मी तिला शिक्षा करून विसरले, तेव्हापासून अंगणवाडीत बोलत नाही. चूक माझी आहे. हिला लिहायला बसवू नका, हिच्यासाठी थांबा."

भिकाचा चेहरा उतरला. "असं नका लिहू ताई," तो म्हणाला. "तिकडची बाई म्हणंल, पोरीतच काहीतरी खोट हाय. चांगलं लिवा. शांत हाय, वही चांगली हाय, असं लिवा."

ताई म्हणाल्या, "भिका, ती शांत नव्हती रे."

त्यांनी बदललं नाही. सावित्रीने कागद घेतला, घडी घालून पिशवीत खुपसला, आणि वहीही मागून घेतली. टेम्पो निघाला. हर्षाली मागे बघत होती, पण ती ताईंकडे बघत होती की बागेकडे, ते सांगता आलं नसतं.

शुभांगी मॅडमच्या मागे लागून लागून ताईंनी पेठकडच्या त्या सेविकेचा नंबर मिळवला. तिकडे डोंगरात रेंज नसते. लागायला जून उजाडला. पलीकडून बाई मोकळेपणाने बोलली. हो, भोयांची हर्षाली, येते ना रोज. लय गुणाची पोर हाय, वहीत अक्षर काय सुंदर, मी तर दुसऱ्या पोरांना तिची वही दाखवते. एका जागी बसते, काहीच तरास नाय. ताईंनी कागदाचं विचारलं. कागद? नाय, वहीच दिली आईने.

छायाताई ओट्यावरून उठून अंगणात आल्या. जे लिहायला चार ओळी लागल्या होत्या ते सांगायला त्यांना वीस मिनिटं लागली. खुर्ची, पट्टी, ओट्यावरचं हसणं, दीड तास, ओली जमीन, सगळं सांगितलं. मग गोल कसा बसवायचा ते सांगितलं, आणि पोर अडलं की किती थांबायचं तेही. पलीकडून मध्ये एकदाच "असं व्हय" ऐकू आलं. ताईंचं संपलं तेव्हा तिकडे पोरांचा गलका तेवढा ऐकू येत होता, आणि ताई कान देऊन त्यात एक आवाज शोधत होत्या.

"थांबते ना ताई," ती बाई शेवटी म्हणाली. "पण माझ्याकडं बेचाळीस पोरं हायेत."