सांगलीचा सोनार आणि बिनकानाची मुलगी

आमच्या शेजारच्या आंटीने उभ्या आयुष्यात एकाच मुलीची चित्रं काढली, आणि त्या मुलीला तिने कधी कान काढले नाहीत. डोळे होते, नाक होतं, केस तर इतके की अर्धं चित्र त्यांनीच खाल्लेलं. कानांच्या जागी मात्र कोरा कॅनव्हास. सिडनीतल्या ब्लॅकटाउनच्या प्रदर्शनात एका समीक्षकाने लिहिलं होतं की ही वसाहतवादाने बहिरी केलेली पिढी आहे. मी आंटीला विचारलं, हे खरं का? ती म्हणाली, "चित्र विकलं गेलं ना, मग असू दे खरं."

आंटी नियुएची. नियुए म्हणजे न्यूझीलंडच्या वर, भर समुद्रात, नकाशावर माशी बसली तर झाकलं जाईल एवढं बेट. तिथे झाडाची साल कुटून कापड करतात आणि त्यावर काळ्या रेघांची नक्षी काढतात. आंटी तीच नक्षी आमच्या क्वेकर्स हिल उपनगरातल्या आपल्या कारपोर्टमध्ये, गाडी लावायच्या छपराखाली बसून कॅनव्हासवर काढायची. ते सालीचं झाड इथे मिळत नाही का, असं मी एकदा विचारलं. मीपण इथे उगवले नव्हते, म्हणाली.

ती लिहायचीही. आधी आपल्या भाषेत, मग इंग्रजीत, मग दोन्हीवर चिडून पुन्हा आपल्या भाषेत. आठवणींचं पुस्तक छापायला जायच्या बेतात होतं आणि त्याची इंग्रजी प्रत तिने मला वाचायला दिली. मी एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासते, माझा साहित्याशी काय संबंध? "तुला यातलं काही कळत नाही, म्हणून तू बरी," असं तिचं म्हणणं. मी ते कौतुक समजून घेतलं.

पहिल्याच प्रकरणात कानांचं कोडं सुटलं. त्यांच्या बेटावर मुलीचे कान टोचायचे म्हणजे गावजेवण. चटया अंथरतात, डुकरं कापतात, नातलग गोळा होतात आणि एक जाणती बाई सुई घेऊन बसते. आंटीच्या मोठ्या बहिणीचं झालं, चुलत बहिणींचं झालं. आंटीचं राहिलं. प्रकरणाचं शेवटचं वाक्य होतं, 'माझी आई मला विसरली.' मला ते वाचून भरून आलं आणि तिच्या आईचा रागही आला. मेलेल्या बाईचा राग करणं बरं नव्हे, पण आला.

मग सिडनी बंद झालं. पूर्वेकडची मंडळी समुद्रावर ऊन खात होती आणि आमच्या पश्चिम भागावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, जणू आम्हीच तो विषाणू तव्यावर भाजून शेजारी वाटतोय. त्या दिवसांत आंटीची बहीण तिकडे आजारी पडली. कोविड नव्हे, त्या बेटावर तो पोचलाच नव्हता. पोट होतं, आणि डॉक्टरांनी फार दिवस नाहीत असं सांगितलं होतं. बेटाने दारं लावून घेतलेली. आंटीला जाता येणार नव्हतं, आणि हे तिला आमच्याइतकंच ठाऊक होतं, तरी ती रोज विमानांची वेबसाइट उघडून बसायची. मला तिच्याकडे बघवेना.

एके दिवशी कुंपणापलीकडून म्हणाली, "मला कान टोचून घ्यायचेत. बहीण बघू शकतेय तोवर." बेटावर जाऊन बहिणीच्या हातून टोचून घ्यायचे असा तिचा जुना बेत होता. आता निदान व्हिडिओवर तरी.

पार्लरं बंद होती. आंटी सुई आणि बटाटा घेऊन स्वतःच टोचायला निघाली. मी घाबरून म्हणाले, "आंटी, असलं काही करू नको. आमच्याकडे म्हणतात, सोनारानेच कान टोचावेत."

या म्हणीचा कानाशी काडीचाही संबंध नाही, हे मराठी माणसाला सांगायला नको. एखाद्याला खडे बोल ऐकवायचे तर ते योग्य माणसानेच ऐकवावेत, एवढाच तिचा अर्थ. पण इंग्रजीत उतरली ती नुसती वैद्यकीय सूचना होऊन.

"मग सोनार कुठे मिळेल?" आंटीने विचारलं.

जिभेला हाड नसतं. मी म्हणाले, "आहे की एक माझ्या घरात. सासऱ्यांची सांगलीला पेढी होती."

मी हसले. आंटी हसली नाही. संध्याकाळी तिने ही बातमी बहिणीला कळवून टाकली, की खानदानी इंडियन गोल्डस्मिथ मिळाला आहे, शेजारीच राहतो.

माझा नवरा डेटाबेस सांभाळतो. सोन्याशी त्याचा संबंध लग्नात घातलेल्या अंगठीपुरता, आणि तीही त्याने फिजीच्या समुद्रात घालवली. "तू सांगितलंस, तू निस्तर," तो म्हणाला. पण आंटी दारात येऊन, मास्क नीट करून त्याला म्हणाली, "बहीण रोज विचारते, गोल्डस्मिथ कधी येणार?" त्याच रात्री त्याने सांगलीला फोन लावला. सासूबाईंनी व्हिडिओवर त्याची शिकवणी घेतली. कान टोचायची बंदूक नको, सोन्याचीच तार हवी, पाळीच्या मधोमध, आणि टोचताना श्वास सोड, धरून ठेवू नकोस. आठवडाभर आमच्या घरातल्या प्रत्येक संत्र्याला दोन भोकं होती. तार म्हणून सुंकली काढली, तान्ह्या बाळाच्या कानात घालतात त्या बारीक तारा. लेकीसाठी माझ्या आईने पाठवलेली ती सोन्याची सुंकली तशीच पडून होती, कारण लेकीचे कान आम्ही मॉलमधल्या केमिस्टकडे बंदुकीने टोचून आणले होते.

लशीचे दोन्ही डोस झालेल्यांना बाहेर भेटायची परवानगी मिळाली आणि लाँग वीकेंड आला. मी सोमवार सुचवला. आंटीने कानांवर हात ठेवले. तिचं बेट आमच्या एक दिवस मागे चालतं, आमच्या सोमवारी तिथे रविवार, आणि रविवारी तिथे देवळाखेरीज कुणी हलत नाही. म्हणून आमचा रविवार ठरला, त्यांचा शनिवार.

कारपोर्टमध्ये खुर्ची मांडली. मागे ती बिनकानाची मुलगी सात-आठ कॅनव्हासांवरून बघत होती. समोर स्टुलावर आयपॅड, त्यात उशीला टेकलेली बहीण, नुसती हाडं आणि डोळे. तिने माझ्या नवऱ्याला नीट न्याहाळलं आणि इंग्रजीत विचारलं, "खूप कान टोचलेस का रे?"

"माझ्या वडिलांनी टोचले," तो म्हणाला. खोटं नव्हतं.

त्याने हातांना सॅनिटायझर लावलं, आंटीच्या पाळीला खोबरेल चोळलं आणि तार हातात घेतली. आंटी आमच्याकरता इंग्रजीतच बोलली, "आई विसरली, पण आज होतंय."

"कोण विसरलं?" बहीण म्हणाली. आणि मग तिच्या भाषेत जी सुरू झाली, त्यातलं आम्हाला अक्षर कळलं नाही. इतक्या आजारी बाईच्या अंगात एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. सूर मात्र ओळखीचा होता. थोरल्या बहिणी जगात सगळीकडे त्याच सुरात झापतात. नवरा तार हवेत धरून तसाच उभा. आंटी मध्ये एकदा काहीतरी बोलायला गेली, तिला गप्प बसवण्यात आलं.

बऱ्याच वेळाने आंटी आमच्याकडे वळली. "ती म्हणते, चटया अंथरल्या होत्या. डुकरं कापली होती. सगळे आले होते. मी सुईवाल्या मावशीला चावले आणि झाडावर जाऊन बसले."

नवऱ्याने हवेतली तार खाली केली.

"आईने सगळ्यांना सांगितलं, ओढून आणू नका. तिला हवं असेल तेव्हा ती स्वतः मागेल. पाहुण्यांना वाढलं, आणि स्वतः जेवली नाही. मुलीचे कान झाल्याशिवाय ते जेवण मी कसं जेवू, म्हणाली." आंटीने आपली पाळी चाचपली. "पुढच्या वर्षी काकांनी मला ऑकलंडला नेलं. मी कधी मागितलंच नाही."

आमची लेक भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "सो युअर होल थिंग इज, लाइक, राँग?"

मी तिच्याकडे असे डोळे वटारले की तिने मास्क नाकावर चढवला. पण आंटी मागे वळून आपल्या चित्रांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हो ना. सगळंच." तिचा चेहरा रडवेला झाला होता. माझे डोळे तर कधीच वाहायला लागले होते, आणि मास्कमध्ये रडणं हा फार गलिच्छ प्रकार आहे.

मग आंटीने आयपॅडकडे तोंड केलं आणि तिच्या भाषेत एक छोटं वाक्य म्हणाली. बहिणीने कानामागे हात धरला. आंटीला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. अर्थ आम्हाला कुणी सांगितला नाही. ती मागत होती.

बहिणीने नवऱ्याला मानेने खूण केली. त्याने श्वास सोडला आणि टोचलं. पहिल्या कानाला आंटी गप्प राहिली. दुसऱ्याला तिने त्याला अशी काही शिवी हासडली की पलीकडे बहीण हसून हसून खोकायला लागली आणि नर्स धावत आली. सांगलीच्या पेढीवर एवढी गिऱ्हाइकं झाली असतील, पण घराण्याला अशी शिवी पहिल्यांदाच पडली असावी. नवऱ्याने दोन्ही तारांना पीळ दिला आणि मग तो खाली जमिनीवरच बसला.

बहिणीने कान जवळून दाखवायला सांगितलं. आंटीने आयपॅड उचलून कानाशी नेला, एक बाजू, मग दुसरी. बहीण तिथेच, त्या लालबुंद पाळीशी, हळू आवाजात बोलली. आंटीने तो तसाच कानाशी धरून ठेवला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, तुझ्याआधी मीच पोचणार आहे आईकडे. सांगते तिला, आता जेवून घे."