रुमालाखालचा बांध
रुमालाला बैलाच्या घामाचा वास आला, की निलंग्याच्या बैलबाजारातला एक सौदा आठवतो. त्या उन्हाळ्यात गावातल्या आम्ही काही जणांनी रोज सकाळी श्रमदान करून ओढ्यावर दगडी बांध घातला होता. गावच्या बड्या शेतकऱ्यानं तो जेसीबी लावून फोडला, कारण साचलेल्या पाण्यानं त्याच्या उसाच्या कडेला चिखल झाला असता. मी बैलांचा दलाल; जाब विचारायला गेलो तर चारचौघांत म्हणाला, "दलाला, तू बैलं वीक. पाण्यातलं तुला काय कळतंय?" पेरणी तोंडावर आली आणि त्याच्या देवणी जातीच्या जोडीतला एक बैल मेला. उरलेल्याला शोभेल असा जोडीदार माझ्याच दावणीला होता. बाजारात रिवाजाप्रमाणं भाव गुपचूप ठरवायला आमच्या हातांवर रुमाल पडला, आकडा सांगायला त्यानं बोटं दाबली आणि मी ती आवळूनच धरली. "भावाचं मागून बघू, मालक. आधी बांध. दगडं तुम्ही स्वतः उचलायची, गडी लावायचा न्हाई." "येडा झालास का रे? हात सोड." "सोडतो की. धर्माबादचं गिऱ्हाईक तिकडं उभंच हाय." त्यानं एकदा बैलाकडं बघितलं आणि माझा तळवा दाबला, म्हणजे कबूल. रुमालाखाली दिलेला शब्द आमच्या बाजारात कुणी फिरवत नाही. आठ दिवस तो दगड वाहत होता आणि मी समोर बसून चहा पीत होतो. एकदाही 'पुरे' म्हणालो नाही. बांध अजून शाबूत आहे. फक्त बांधाचं पाणी सगळ्यात आधी त्या शेतकऱ्याच्याच विहिरीला लागतं, ते मला आजही पचत नाही.