डोकेदुखीसाठी प्रार्थना

नगरकडच्या आमच्या गावाहून मी पुण्याला निघाले, तेव्हा आईने एसटीच्या पायरीपाशी माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. प्रवासासाठी, नोकरीसाठी, होस्टेलच्या पाण्यासाठीसुद्धा. कंडक्टर म्हणाला, "मावशी, आमेन म्हणा आता, गाडी सुटायचीय." सगळी गाडी हसली. मी डोळे उघडे ठेवून कोण कोण बघतंय ते पाहत होते.

घरी प्रार्थनेशिवाय कुणी घास उचलत नसे. त्यातही आईचा नियम असा, की प्रत्येकाने आजच्या दिवसातल्या एका गोष्टीबद्दल देवाचे उपकार मानायचे. भाऊ 'आरोग्याबद्दल' म्हणाला की ती अडवायची, "ते काल झालं. आजचं सांग." त्यामुळे आम्ही दिवसभर काहीतरी शोधत असायचो. भावाला बांधावरची पिकली बोरं सापडायची. मी एकदा गणिताच्या बाई गैरहजर असल्याबद्दल उपकार मानले. आईने तेही चालवून घेतलं.

हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये पहिल्याच आठवड्यात मी डोळे मिटले, तर शेजारच्या मुलीने विचारलं, "हेडेक आहे का गं?" मी हो म्हटलं आणि सुटले. तेव्हापासून ताट समोर आलं की मी कपाळ चोळायचे आणि तेवढ्यात मनातल्या मनात आमेन उरकायचे. पुढे मनातलंही गळालं. नुसतं कपाळ चोळणं राहिलं.

मागच्या महिन्यात आई माझ्या फ्लॅटवर आली. जेवायला बसलो आणि माझा हात आपोआप कपाळावर गेला. "डोकं दुखतंय व्हय?" म्हणत तिने ताट सरकवलं, पिशवीतून बाम काढला आणि चोळत बसली. भाजी गार झाली. गावी परतल्यावर तिने चर्चच्या मंडळीत प्रार्थनेची विनंती केली आणि दर रविवारी अख्खं चर्च माझ्या डोक्यासाठी उभं राहू लागलं. गुडघे धरलेली म्हातारी माणसंसुद्धा. हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काल, शनिवारी, तिचा फोन आला. "आता बरं हाय ना? देवानं तुला बरं केलं, अशी उद्या मंडळीत साक्ष द्यायचीय मला."

आता माझं खोटं तिच्या तोंडून देवासमोर जाणार होतं. "आई, डोकं कधी दुखलंच नाही गं. लोकांत प्रार्थना करायची लाज वाटायची मला."

ती म्हणाली, "दुखलंच न्हाई? मग त्याचेच उपकार मानते." आवाज जरा कापरा होता. "मंडळीला काय सांगायचं ते मी बघते. जेवलीस का?"

मी ताट पुढ्यात घेतलं, दोन्ही हात जोडले.

"हं. आजचं सांग."

घर कुठलं, असं पुण्यात कुणी विचारलं की मी गावाचं नाव सांगते. पण ते तिथेही नाही आणि हप्ते भरतेय त्या फ्लॅटमध्येही नाही. कुणीतरी 'आजचं सांग' म्हणून थांबतं, तेवढंच माझं घर. आणि मला काही आठवेना. दिवसभरात मी कशाकडे धड पाहिलंच नव्हतं.

आई फोन धरून थांबली होती.