न धुतलेली खसखस

दुसऱ्याच्या चकलीला नाव ठेवल्याशिवाय लीलावती काकूंना चहा गोड लागत नसे. लंडनमधल्या वेम्बलीच्या घरात तीस वर्षं त्या दिवाळीचा फराळ करून विकत होत्या. नवरा गेला, मुलगी मँचेस्टरला गेली, कढई राहिली. त्यांचे अनारसे एजवेअरपासून ईलिंगपर्यंत जायचे. अनारसा थापताना मात्र त्या स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या. खसखशीचं प्रमाण त्यांनी पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी बेल वाजली. काकूंनी साखळी न काढता दार किलकिलं केलं. पार्सलवाल्यांचं जाकीट घातलेला एक उंच तरुण उभा होता.

"ऑर्डरी बंद झाल्या," त्या म्हणाल्या.

"ऑर्डर नाही. मी नकुल. देवयानीचा मुलगा."

काकूंनी ओळखलं. सैन्यातून काढून टाकलेला, तोच. साखळी तशीच राहिली.

मग त्या फटीतूनच नकुलनं सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तो सैन्यात मेडिक होता. आईनं दिवाळीला काकूंचे अनारसे पाठवले. रविवारी घरची आठवण आली आणि त्यानं चौदाच्या चौदा संपवले. सोमवारी सकाळी अचानक युरीन टेस्ट झाली, तिच्यात अफूच्या जातीचं काहीतरी निघालं. काय खाल्लं होतंस, असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, तांदळाची मिठाई. वरचे पांढरे दाणे त्याला रवा वाटले होते. त्याच्या माहितीतली खसखस काळी, बेगल पावावर असते ती. कागदावर शेरा पडला: सेवेची गरज उरली नाही. तो शेरा वाचून अँब्युलन्सवाल्यांनी त्याला दोनदा परत पाठवलं, म्हणून आता पार्सलची व्हॅन. वकीलबाई म्हणत होत्या की अपिलाची मुदत कधीच उलटली, पण नवा पुरावा असेल तर शेरा बदलण्याचा अर्ज ऐकून घेतील. डब्याचा फोटो त्यानं त्याच रविवारी आईला पाठवला होता, तो सापडला. आता करणाऱ्या बाईचं लेखी हवं होतं.

"म्हणजे माझ्या अनारशात अफू होती असं लिहून देऊ?"

"खसखस होती, एवढंच. किती, ते. आणि धुतली होती का. न धुतलेल्या दाण्यांवर अफूचा चीक राहतो."

काकूंचा चेहरा दगडासारखा झाला. धुतलेली खसखस अनारशाला धरत नाही, तुपात सुटते आणि जळते. म्हणून त्यांनी ती कधीच धुतली नव्हती. आणि आपल्या स्वयंपाकघरात न धुतलेला दाणा येत नाही, हे त्या भेटेल त्याला ऐकवत आल्या होत्या.

"चौदा अनारसे एका बैठकीत?" त्या म्हणाल्या. "गर्दुल्ल्याचंच लक्षण हे."

"हा शब्द तुम्ही मंडळाच्या ईलिंगच्या हॉलमध्ये पण बोललात. गणपतीत. आई प्रसाद वाढत होती."

"सगळे बोलत होते तेच मी बोलले."

"सगळे तुमचं ऐकून बोलत होते, काकू."

दार बंद झालं.

स्वयंपाकघरात उद्याची साठ अनारशांची ऑर्डर थापायची होती. काकूंनी खसखशीचा पुडा फोडला. मग चहाच्या गाळणीत मूठभर खसखस घेऊन नळाखाली धरली. खालच्या वाटीतलं पाणी मातकट झालं. त्यांनी ते ओतून दिलं, पुन्हा धुतली. दुसरं पाणीही तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी नळ सोडला नाही. खिडकीतून बघितलं तर व्हॅन अजून कोपऱ्यावर होती.

काकूंनी वहीतलं पान टरकावलं, चार ओळी लिहिल्या आणि चपला न घालता जाऊन व्हॅनच्या काचेवर पेन आपटलं.

नकुलनं कागद बघितला. "मराठी आहे. मला वाचता नाही येत."

"मग वाचणारा शोध. मी काय तुझी कारकून आहे?" पण त्यांनीच वाचून दाखवलं, खाली मान घालून, भराभर. एका अनारशाला मोठा चमचाभर खसखस. न धुतलेली. तीस वर्षं अशीच. सही.

"आणि हॉलमधलं?"

"ते तुझ्या साहेबांना कशाला हवंय?"

"साहेबांना नाही. आईला."

"तुझ्या आईला काय सांगायचं ते मला तू शिकवायचं नाही. नीघ आता."

तो निघाला. थँक यू म्हणाला नाही.

दिवाळीच्या कार्यक्रमात, त्याच हॉलमध्ये, जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या काकूंनी आवाज चढवला. देवयानीच्या नकुलनं काही घेतलं नव्हतं, ती माझी खसखस होती, असं त्यांनी भांडण काढल्यासारखं सांगितलं. ऐकायला देवयानी नव्हत्या. त्या शब्दानंतर त्यांनी मंडळात पाऊल ठेवलं नव्हतं. रांगेतून कुणीतरी गोड आवाजात विचारलं, "म्हणजे काकू, तुम्ही खसखस धूत नाही?"

"नाही धूत. धुतलेली हवी त्यांनी दुसरीकडून घ्या."

पुष्कळांनी अनारसे दुसरीकडून घेतले. एजवेअरहून फोन आला नाही, आणि काकूंनीही केला नाही.

मार्चमध्ये एका सकाळी घरासमोर व्हॅन थांबली. काकू उठून दाराशी पोचेपर्यंत दारातल्या पत्रांच्या फटीतून एक कागद आत पडला होता. सैन्याच्या पत्राची झेरॉक्स. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं: आधीचा शेरा रद्द, सेवा समाधानकारक. मागची बाजू कोरी होती.

त्यांनी दार उघडलं तेव्हा व्हॅन कोपऱ्यावर वळत होती. बेल त्यानं वाजवलीच नव्हती.